काकूने मधेच पान उचललं

माझी काकू गवत कापते. म्हणजे तिची नोकरीच ती. एका जुन्या क्लबात टेबलासारखी सपाट, चौकोनी हिरवळ आहे, तिला पाणी घालायचं, रोलर फिरवायचा, तण उपटायचं. शाळेची व्हॅन चालवणारा माझा काका तिला ‘हिरवळीची पार्लरवाली’ म्हणतो.

त्या हिरवळीवर लॉन बोल्स खेळतात. एक छोटा पांढरा चेंडू लांब ठेवायचा आणि मोठे जड चेंडू घरंगळवत त्याच्या जवळ न्यायचे, ज्याचा जवळ तो जिंकला. गंमत अशी की मोठा चेंडू मुद्दामच एका बाजूला कललेला बनवतात, त्यामुळे तो सरळ जातच नाही, वळसा घेतो. काका म्हणतो, अगदी तुझ्या काकूसारखा, बोलायचं असतं भाजीबद्दल आणि सुरुवात माझ्या आईपासून.

खेळ आणला गोऱ्या साहेबाने. साहेब गेला, हिरवळ राहिली. मेंबर लोक घरी गेले की काकू एकटीच चेंडू टाकत बसायची. वर्षानुवर्षं! एकदा क्लबच्या सेक्रेटरीने बघितलं आणि तिला सरळ संघातच घेतलं. आता ती देशाच्या निवड सामन्यापर्यंत पोचली होती. जिंकली तर परदेशी जाणार, त्या एकाच साहेबाच्या राज्यात पूर्वी असलेल्या देशांची जी संघटना आहे, तिच्या खेळांना. जगातल्या बाकीच्या मोठ्या स्पर्धांत हा खेळ नाहीच. काकूसाठी एवढं एकच दार उघडं होतं.

आणि नेमकं तेव्हाच कॉलेजच्या वादविवादात मला विषय आला, ही संघटना हवीच कशाला! मी अर्थात संघटना मोडा या बाजूने. सामन्याच्या आदल्या दिवशी काकूच्या स्वयंपाकघरात मी हातवारे करून भाषण ठोकलं. लुटलं त्यांनी, मारलं त्यांनी, आणि आपण अजून एकत्र जमून फोटो काढतो? लाज नाही वाटत? बोलता बोलता मला खरंच रडू आलं.

काकू बुटांना पॉलिश करत होती. “झालं का गं वकिलीणबाई? मग मी जाऊ नको उद्या?”

“तसं नाही म्हणाले मी!”

“तसंच म्हणालीस. हे बघ, साहेब वाईटच. पण तो गेल्यावर ते गवत मी जगवलंय. ते आता त्याचं कसं?”

“गवताचं नाही गं बोलत मी, राजकारणाचं बोलते!”

“मला गवतातलंच कळतं,” काकू म्हणाली आणि दुसरा बूट घेतला. काका हळूच मला म्हणाला, “तू ना, सामना होईपर्यंत देशभक्ती जरा झाकून ठेव.”

सामना काकूच्याच क्लबात होता. समोर दातांची डॉक्टरीण, क्लबची जुनी मेंबर, पांढरेशुभ्र कपडे. पंच मात्र संघटनेच्या दुसऱ्या एका देशातून आलेली, इवल्याशा बेटावरची, जाडजूड, हसरी बाई. दोघी शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत. काकूचा शेवटचा चेंडू छोट्या चेंडूच्या पार जवळ जाऊन बसला आणि मी ओरडलेच. आता डॉक्टरणीचा एकच चेंडू उरला होता. तिने टाकला. छान वळत येत होता.

आणि काकू चालत मधे गेली!

खरंच! चेंडूच्या वाटेत एक ओलं पान पडलं होतं, ते काकूला दिसलं. ती वाकली, पान उचललं, खिशात टाकलं. चेंडू तिच्या बुटाजवळून गेला आणि जरा बाजूला जाऊन थांबला. काकू तिथेच उभी, चेहरा पांढराफटक. आपण आत्ता नोकरीवर नाही, सामन्यात आहोत, हे तिला तेव्हा आठवलं.

“चेंडूला पाय लागला हिचा!” डॉक्टरीण ओरडली. “बाद करा हिला! मैदान झाडायला ठेवलीय की खेळायला?”

माझं डोकं सणकलं. मी उठून भांडायला निघाले तर काकाने माझी ओढणी धरून खाली बसवलं. “बस गप. तू गेलीस तर नक्की बाद होईल.” आणि ओढणी त्याने मुठीतच धरून ठेवली.

पंचबाई आली. बोलणं साहेबाच्याच भाषेत. काकूची ती भाषा मोडकी, पंचबाईचीही मोडकीच, पण वेगळ्या ठिकाणी मोडलेली. काकू क्रियापदं गाळायची, पंचबाई सगळं गाऊन म्हणायची. साहेब तिथे असता तर त्याला दुभाषा लागला असता. या दोघींना मात्र सगळं कळत होतं.

“मधे का गेलात?”

“कचरा.”

“चेंडू तर समोरच्या बाईंचा होता ना? पान राहिलं असतं तर तुमचाच फायदा होता.”

काकूने खांदे उडवले. “गवतावर कचरा. मी नुसती बघू कशी?”

“बुटाला चेंडू लागला?”

मी मनात म्हणत होते, नाही म्हण, नाही म्हण, नाही म्हण. काकू म्हणाली, “माहीत नाही. मी पान बघत.”

 पंचबाई खो खो हसली. मुद्दाम अडवलेलं नाही, हा डाव पुन्हा खेळा, असा निकाल दिला. काकाने एवढा मोठा श्वास सोडला की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून बघितलं.

पुन्हा खेळलेल्या डावात काकूचा चेंडू पहिल्याइतका जवळ गेला नाही, पण डॉक्टरणीच्या चेंडूपेक्षा चार बोटं जवळ राहिला. काकू जिंकली! डॉक्टरणीने हात मिळवला, जरा फणकाऱ्यानेच, पण मिळवला.

नंतर चहा पिताना मी पंचबाईला माझ्या वादविवादाचा विषय सांगितला. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, “खूप काही परत द्यायचं बाकी आहे त्यांनी, ते विसरू नकोस. पण आमचं बेट एवढंसं. जगाच्या मोठ्या सभेत आमची पाळी येईपर्यंत लोक जेवायला गेलेले असतात. इथे निदान बसून ऐकतात.”

 अजूनही संघटनेचे ते एकत्र जमलेले फोटो बघून डोकं फिरतं माझं. पण आता भाषण पहिल्यापासून लिहायला लागणार. मोडा, एवढंच म्हणून मला आता सुटता येणार नाही.

परत जाताना काकू व्हॅनमध्ये मुलांच्या बाकावर आडवी झाली. “वकिलीणबाई, जाऊ ना मग मी?” तिने डोळे मिटूनच विचारलं.

“जा ना गं! जा!” मी म्हणाले आणि पुन्हा रडायला लागले. काकाने मागे न बघता रुमाल दिला. तोवर काकू घोरायलाही लागली होती. रोज मुलांना घेऊन भरधाव जाणारा काका प्रत्येक गतिरोधकाशी गाडी जवळजवळ थांबवत, हळूहळू घरी आला.