तुलारामकाकांचं नाक

दोन्ही बाटल्या कोल्ड्रिंकच्याच. एकीत इंजिनाचं ऑइल, दुसरीत तुलारामकाकांच्या बायकोनं, रुखमाकाकूंनी, पलीकडच्या काठावर लेकीकडे पाठवलेलं जवसाचं तेल. मी बी.एस्सी. झालेलो, म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं काम माझ्याकडे. मी जवसाचं मिसळलं. माप मात्र अगदी बरोबर होतं.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मध्यावर पोचलो, तशा बोटीतल्या चंद्रकलाबाई म्हणाल्या, "कोन भजे तळून राह्यला बा?"

बोट हसली. तुलारामकाका नाही हसले. ते मागे हँडल धरून बसले होते आणि धूर त्यांच्या तोंडावरूनच जात होता.

काकांचं जुनं गाव याच पाण्याखाली आहे. कुठं ते विचारलं तर "असन इथंच कुठी," म्हणतात आणि हँडल वळवतात. मच्छी सोसायटीचं हे जुनं टू-स्ट्रोक इंजिन ते बारा वर्षं वासावर चालवतात, असं सगळे म्हणत. कच्च्या पेट्रोलचा वास आला की कार्बोरेटर खोलायचा; जळक्या रबराचा आला की इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा पंप. उद्या सोसायटीचे अध्यक्ष श्यामराव बोटीत बसून ठरवणार होते, इंजिन ठेवायचं की भंगारात द्यायचं. नव्या इंजिनावर त्यांचा भाचा अंकुश बसणार, हे अख्ख्या काठाला ठाऊक होतं.

माणसं उतरल्यावर काका म्हणाले, "वास कसा येते, सांग."

मला वाटलं परीक्षा घेतात. "काहून, नाक घरी ठेवून आले का काका?"

"कोरोनात गेलं. आलंच नाही मंग." चुकलेल्या एसटीबद्दल बोलावं तसं बोलले. "कोनाले सांगू नको. तुह्या काकूले बी नाही."

"तळणाचा येते," मी म्हणालो.

"रबराचा नाही ना?"

"नाही."

तरी त्यांनी इंजिन चालू करून बाजूने पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली हात धरला. धार जोरात होती, कोमट होती. पंप ठीक. मग प्लग काढला, त्यावरचं ओलं बोटांत चोळलं. पुन्हा चोळलं.

"ऑइल घसरते. हे चिकटून राह्यलं."

त्यांनी बाटल्यांकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे.

"काका, ते जवसाचं..."

"शिकला बापा तू," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

टाकी रिकामी केली, कार्बोरेटर धुतला, प्लग घासला, नवं पेट्रोल आणलं. ऑइल या वेळी काकांनी स्वतः मिसळलं. इंजिन सुरू झालं. ते धुराकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"आता?"

"पहिले तळणाचा. आता... नेहमीचा."

"पक्का?"

"पक्का."

दुसऱ्या दिवशी श्यामराव पलीकडे जाऊन परत आले. दोनदा धुराचा वास घेऊन म्हणाले, "चालू द्या अजून एक साल." काकांनी मान हलवली. आनंद झाला असेल तर तो दिसला नाही.

तेव्हापासून मी मागे, त्यांच्या शेजारी बसतो. ते नुसती भुवई उचलतात, मी "नेहमीचा" म्हणतो.

रुखमाकाकू मात्र मी दिसलो की विचारतात, "काहून रे, माह्या पोरीचं तेल कुठी गेलं?" जवसाचं नवं तेल विकत आणून भरलेली बाटली आठवड्यापासून माझ्या पिशवीत आहे. पण दिली, तर आधीच्या तेलाचं काय झालं ते सांगावं लागेल, मग काकू दुसरा प्रश्न विचारतील: जवसाचं तेल जळत होतं अन् यांले वास नाही आला?

बाटली अजून पिशवीतच आहे.