लाल फडक्यातल्या दासी

कुंभार पिंपळगावात बेबीनंदाला कुणी विचारलं, "काय करता तुम्ही?" तर ती सरळ "काही न्हाई" म्हणायची. गावालाही ते पटायचं. पटायलाच हवं, कारण गावाने तिला हातात झाडूशिवाय दुसरं काही घेतलेलं कधी पाहिलंच नव्हतं. आणि जे पाहिलं नाही ते नसतंच, अशी आपल्याकडची पद्धत.

उत्तमचंद शेठच्या कापडदुकानामागे एक लांबट खोली होती. तिथे गावाचं वाचनालय होतं. जागा शेठने फुकट दिलेली, पुस्तकांना सरकारचं अनुदान. ब्याण्णव साली झाडलोटीला बाई हवी होती म्हणून बेबीनंदाला ठेवलं. ती सातवी शिकलेली, नवरा राजानंद कापसाच्या जिनिंगवर कामाला आणि कडेवर हरिओम. ग्रंथपाल म्हणून नेमलेले गृहस्थ महिन्यातून चार दिवस यायचे आणि सह्या करून जायचे. उरलेले दिवस किल्ली बेबीनंदाच्या कमरेला असायची. मग काय, झाडता झाडता ती पुस्तकं लावायला शिकली आणि लावता लावता वाचायला.

चार नंबरच्या कपाटात राण्यांची पुस्तकं होती. सिंदखेडराजा जवळच, त्यामुळे जिजाऊंची चरित्रं होतीच. शिवाय अहिल्याबाई, ताराबाई, चाँदबिबी, नूरजहान, राजस्थानातल्या कितीतरी राण्या. खालच्या फळीवर जाडजूड, गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं होती. दरबार, जनानखाना, बागेतले झोके, शिकारीच्या स्वाऱ्या. गावातले लोक ती पुस्तकं फारशी नेत नसत. जड होती, आणि त्यांत गोष्ट नव्हती.

बेबीनंदा दुपारी दार लोटून घ्यायची आणि ती पुस्तकं मांडीवर घेऊन बसायची. सुरुवातीला तिनेही सगळ्यांसारख्या राण्याच पाहिल्या. नथ, बुगडी, बोटातला आरसा. पण एके दिवशी तिची नजर राणीवरून घसरली आणि मागे उभ्या असलेल्या बाईवर गेली. राणी तक्क्याला टेकून बसलेली आणि मागे एक जण चवरी ढाळत उभी. चितारणाऱ्याने तिचंही मनगट तेवढ्याच मायेने काढलं होतं. एका पायावर भार टाकून ती उभी होती, कारण दुसरा दुखत असणार. हे बेबीनंदाला कुणी सांगावं लागलं नाही. तीही तशीच उभी राहायची. तिने चित्राखालची ओळ वाचली. राणीचं नाव होतं, राजाचं होतं, महालाचं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं, 'व एक दासी'.

त्या 'एक'चा तिला राग आला. माणूस आहे की नग?

त्या रागातून ती कामाला लागली. वहीच्या पातळ कागदाला करडईच्या तेलाचा हात फिरवायचा, कागद पुसून दोन दिवस वाळवायचा की आरपार दिसायला लागतो. तो चित्रावर ठेवून ती फक्त दासी गिरवून घ्यायची. राणी वगळायची. मग चित्रकलेच्या वहीत तिला उतरवायची, तेलकट कागदही तिथेच खोचायची आणि हळद, कुंकू, काजळ, हरिओमच्या रंगपेटीतला निळा, जे मिळेल त्याने रंगवायची. खाली लिहायची, हिच्या हातात काय आहे, हिने केस कसे बांधलेत, ही कुणाकडे बघतेय. पुस्तकाच्या मजकुरात कुठे मुदपाकखान्यातल्या, मेंदी लावणाऱ्या, दाईच्या कामाला असलेल्या बायकांचा उल्लेख असला तर तो पान नंबरासकट उतरवून घ्यायची. नाव सापडलं तर नाव. बहुतेक वेळा सापडायचं नाही. मग जागा कोरी सोडायची. मनाने नाव ठेवायचा मोह तिने कधी केला नाही. "खोटं नाव देण्यापरीस कोरं बरं," असं ती स्वतःशीच म्हणायची.

राजानंदला एकदा कळलं तेव्हा तो हसला. "राण्या तरी काढायच्या. मोलकरणी काढून राह्यली व्हय? मोलकरणी का कमी हायेत गावात?"

तो वाईट माणूस नव्हता. पण त्या दिवसानंतर बेबीनंदाने वही कुणाला दाखवली नाही.

आता वह्या ठेवायच्या कुठे? घर दोन खोल्यांचं. ट्रंकेत उंदीर, माळ्यावर पाणी, खाली लेकरू. कोरडी आणि कुणी हात न लावणारी जागा घरात एकच, देवघराची वरची फळी. तिथे सासऱ्यांची पोथी लाल फडक्यात बांधून ठेवलेली होती. बेबीनंदाने तसलंच लाल कापड शेठच्या दुकानातून आणलं, वह्या त्यात बांधल्या आणि पोथीच्या शेजारी ठेवून दिल्या. गाठ अशी मारली की तिच्याशिवाय कुणाला सुटू नये. दसऱ्याला पुस्तकांची पूजा करताना पोथीबरोबर त्या गठ्ठ्यालाही हळदकुंकू वाहिलं. घरात कुणी विचारलं की सांगायची, "पोथ्या हायेत. हात लावायचा न्हाई."

हुशार बाई. मला तर वाटतं, फारच हुशार.

वह्या अकरा झाल्या, गठ्ठे तीन झाले. चारशे बारा बायका त्या फळीवर गोळा झाल्या. एव्हाना वाचनालयाचं अनुदान बंद पडलं होतं. शेठ गेले, दुकान वाढवायचं ठरलं आणि एका सकाळी टेम्पो दारात उभा राहिला. चार नंबरचं कपाट इतर कपाटांसारखंच रद्दीत गेलं. बेबीनंदाने मनात आणलं असतं तर पदराखालून दोन पुस्तकं सहज आणली असती. पण प्रत्येक पानावर वाचनालयाचा शिक्का होता, आणि शिक्क्याची वस्तू घरी न्यायची नाही हे तिने महिना दीडशे रुपये पगार असतानाही पाळलं होतं. ती फक्त फळ्या पुसून आली. त्या पुस्तकांतलं जे काही उरलं ते देवघराच्या वर उरलं.

राजानंद वारला, हरिओमचं लग्न झालं. सून अर्पिता मंठ्याकडची, बी.ए. झालेली, कामाला वाघ आणि सासूला आईसारखं जपणारी. बेबीनंदाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी चाचपडत ती दसऱ्याला गठ्ठ्यांना हळदकुंकू वाहायचीच.

मागच्या दिवाळीत उत्तमचंद शेठची नात रूपल गावी आली. पुण्यात जुन्या चित्रांचा अभ्यास करते. बेबीनंदाला भेटायला घरी आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "आजी, दरबाराच्या चित्रांमध्ये मागे ज्या बायका दिसतात ना, त्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही. मला त्यांच्यावरच काम करायचंय, पण सुरुवात कुठून करू कळत नाही."

बेबीनंदाने हातातला चहा खाली ठेवला. तीस वर्षांत हे वाक्य तिने दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "माझ्याकडं हायेत."

"काय?"

"त्याच बाया. चारशे बारा हायेत."

रूपल आधी हसली, मग तिचं हसू थांबलं. तिने बेबीनंदाला असं काही खोदून खोदून विचारलं की म्हातारी घामाघूम झाली. पान नंबर लिहिलेत? पुस्तकाचं नाव? हातातली वस्तू? सगळं लिहिलंय म्हटल्यावर ती पोरगी तिच्या गुडघ्याला धरून बसली. "आजी, आत्ताच दाखवा."

आणि इथे बेबीनंदा चुकली. ती म्हणाली, "अगं, मलाच धड दिसंना. कोणतं पान कुठलं ते तुला सांगू कशी? पुढच्या महिन्यात जालन्याला डोळ्याचं आप्रेशन हाय. बराबर दिसायला लागलं की मीच एकेक उघडून दाखवते." तीस वर्षं झाकून ठेवलेलं पहिल्यांदा उघडायचं तर स्वतःच्या डोळ्यांनी बघत उघडावं, एवढीच तिची हौस. रूपलने फोन नंबर लिहून घेतला आणि ती पुण्याला गेली.

जालन्याला जाताना बेबीनंदाने फळीकडे पाहून हात जोडले. अर्पिताला वाटलं, देवाला.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, खाली वाकायचं नाही, रडायचं नाही. बेबीनंदा म्हणाली, "रडायला काय झालंय आता?" तिथेच नणंदेकडे आठ दिवस राहून ती जीपने परत आली. रस्त्याकडेचा ऊस तिला पानापानाने दिसत होता. गावच्या फाट्यावरची पाटी तिने मोठ्याने वाचली, तेव्हा जीपमधले लोक हसले.

घरात शिरल्यावर तिने पाय धुतले आणि काळा चष्मा सावरत आधी देवघराकडे गेली. भिंतीला नवा चुना होता. फळी रिकामी होती.

"अर्पिता, वरच्या पोथ्या कुठं ठेवल्यास गं?"

अर्पिता हात पुसत आली. तिच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. "आई, भिंतीला वाळवी लागल्ती. आजोबांची पोथी तर पार चाळणी झाल्ती. बाकीच्या गठ्ठ्यांच्या फडक्यालाबी खालून माती दिसली. मी घाबरले. शेजारच्या चतुराकाकूला इचारलं. त्या म्हनल्या, खराब झालेली पोथी घरात ठेवू न्हाई, रद्दीत तर बिलकुल टाकू न्हाई. गंगामाईच्या स्वाधीन करावी."

बेबीनंदा फळीवरून हात फिरवून बघत होती.

"मंग मी सोमवारी उपास धरला. डोक्यावरून न्हाऊन, कोरं लुगडं नेसून, ह्यांना घेऊन गोदावरीच्या घाटावर, गंगेवर गेल्ते. नारळ फोडला, आरती केली. तुमी म्हनल्या होत्या ना हात लावायचा न्हाई, म्हणून एकबी गठ्ठा सोडला न्हाई. हाय तसे सोडले पाण्यात."

"न सोडता," बेबीनंदा म्हणाली.

"हो. पण आई, लई जड होत्या तुमच्या पोथ्या. आजोबांची लगेच गेली, ह्या तीन इतक्या जड असून बुडताच बुडंनात. तेलकट काय लागल्तं का त्यांना? तरंगत कडेला येऊन राह्यल्या. लोकांच्या पायाखाली येतील म्हणून ह्यांनी मंग दगड बांधले." ती जवळ आली आणि कौतुकाने म्हणाली, "पण तुमची गाठ काय पक्की! शेवटपर्यंत सुटली न्हाई."

बेबीनंदा भिंतीला धरून खाली बसली. अर्पिताला वाटलं, प्रवासाने थकल्या. तिने पाणी आणलं, उशी आणली.

कुणावर रागवावं? चतुराबाईने रीत सांगितली होती. सुनेने उपास धरून ती पाळली होती. लेकाने दगड बांधला तो लोकांचे पाय लागू नयेत म्हणून. इतक्या आदराने या घरात बेबीनंदाची कुठलीच वस्तू कुणी हाताळली नव्हती. शोधून शोधून राग येऊन थांबला तो त्या गाठीवर, आणि गाठ तिनेच मारली होती. राणीच्या मागे झाकलेल्या बायकांना तिने पुढे आणलं आणि स्वतःच्या हाताने पुन्हा झाकून ठेवलं. तीस वर्षांत या घरात एकालाही ती गाठ सोडून बघावंसं वाटलं नाही, आणि तिनेही वाटू दिलं नाही.

संध्याकाळी रूपलचा फोन आला. "आजी, दिसायला लागलं ना? मी शुक्रवारी निघतेय. स्कॅनर घेऊनच येते."

अर्पिता समोर लसूण सोलत बसली होती. बेबीनंदाने तिच्याकडे पाहिलं. नव्या डोळ्याने ती पहिल्यांदाच सुनेला इतकं स्पष्ट बघत होती. कपाळावर घाम, नखांत माती, आणि एक पाय दुखतोय म्हणून त्यावर भार न टाकता बसलेली. खरं सांगितलं तर ही पोरगी जन्मभर त्या तीन दगडांखाली राहील. सांगितलं नाही तर चारशे बारा जणी होत्या हेच कुणाला कळणार नाही, आणि त्यांच्यासाठी तीस वर्षं बसलेलीही कुणी होती हेही.

"येऊ नको बाई," ती फोनवर म्हणाली. "तसं काय नव्हतंच. म्हातारपणी बोलते मी काहीबाही."

पलीकडून रूपल म्हणाली, "पण आजी, तुम्ही आकडा सांगितला होता. चारशे बारा."

"चुकून बोलले असंन." तिने फोन ठेवला.

अर्पिताने मान वर केली. "आई, कशाचं इचारत होती ती? त्या गठ्ठ्यांत काय होतं?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तिने किती वर्षं वाट पाहिली होती. आता तो विचारला होता, घरातल्याच माणसाने, लसणाच्या हातांनी. बेबीनंदाचे ओठ हलले. ती एका बाईपासून सुरुवात करू शकली असती, चवरी घेऊन एका पायावर उभ्या असलेल्या त्या पहिल्या बाईपासून.

"पोथ्याच होत्या," ती म्हणाली. "बराबर केलंस तू."

अर्पिता खूश झाली. हात धुऊन ती औषधाची बाटली घेऊन आली, सासूची मान मागे टेकवली आणि मोजून दोन थेंब सोडले. गालावरून पाणी वाहायला लागलं ते काही थांबेना, तशी ती घाबरून म्हणाली, "आई, डॉक्टरनं रडू न्हाई म्हनलंय."

"औषधाचं हाय गं ते," बेबीनंदा म्हणाली, आणि वर रिकाम्या फळीकडे बघत राहिली. फळी आता तिला अगदी स्वच्छ दिसत होती.