परत मिळालेली कुऱ्हाड

भंडाऱ्याचं जुनं कोर्ट इंग्रजांच्या काळचं, असं लोक कौतुकाने सांगतात. मला त्याचं काडीचं कौतुक नाही. आणीबाणी उठल्यानंतरची काही वर्षं मी आणि माझी वहिनी त्याच्या व्हरांड्यातल्या एका बाकड्यावर झिजलो.

आत वकील भांडायचे, बाहेर चिंचेखाली पक्षकार. एकदा दोन सख्ख्या भावांनी तिथेच विटांनी एकमेकांची डोकी फोडली. पट्टेवाल्याने रक्तावर माती लोटली आणि पुढचा पुकारा केला. चहावाला वादी-प्रतिवादींना एकाच किटलीतला चहा द्यायचा, बाकडी मात्र लांब लांब ठेवायचा.

आमचा खटला माझ्या भावाच्या खुनाचा. लाखांदूरकडे आमचं गाव, धानाची शेती. त्या दिवशी तलावाच्या पाण्याची पाळी आमची होती. शेजाऱ्याने पाट फोडून पाणी आपल्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, वळवलं. भाऊ कुंपणासाठी काट्या तोडत होता, तो हातातल्या कुऱ्हाडीसकट धावला. शेजाऱ्याने तीच हिसकली आणि त्याच्या मानेत घातली. आम्ही दोघी धुऱ्यावर, शेताच्या कडेला, पोचलो तेव्हा बांधीतलं पाणी लाल झालं होतं. पाहणारे पुष्कळ होते, पण कोर्टात एकेक जण फितूर झाला. शेजारी निर्दोष सुटला. वरच्या कोर्टातही तेच झालं.

मग वहिनीने अर्ज केला, की कुऱ्हाड आमची आहे, आम्हाला परत द्या. मुद्देमालाचा कारकून चक्रावला.

"बाई, कायले पाहिजे तुमाले हे? मोडीत जाऊ द्या."

"दांडा त्यायनं तासला हाये," वहिनी म्हणाली.

कुऱ्हाड मिळाली. पात्यावर गंज होता की रक्त, ते बघायची माझी हिंमत झाली नाही. वहिनीने त्यावरून बोट फिरवलं आणि ती जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

परतीच्या एसटीत पुढच्या बाकावर तोच शेजारी बसला होता. खुनातून सुटला, तरी मेल्याची भांडणं काही सुटली नव्हती. आता त्याने दुसऱ्या कुणावर बांधाचा दावा लावला होता. रस्ताभर मी त्याची मान बघत होते. तेल लावलेली, जाड, अख्खी मान. लुगड्याची गाठ कधी सोडली, मला कळलंही नाही.

गावच्या फाट्यावर आम्ही तिघंच उतरलो. एसटी गेली. तो चपलेत रुतलेला काटा काढायला खाली वाकला. मी कुऱ्हाड उचलली. खोटं कशाला सांगू, मला तो मेलेला हवा होता, त्याच धुळीत, त्याच क्षणी.

वहिनीने माझं मनगट इतकं करकचून धरलं, की बांगडी फुटून रक्त आलं.

"सोड," मी म्हणाले. "काहून अडवून राहिली? तुह्या नवऱ्याले मारलं त्यानं!"

"मारशीन," ती दातओठ खात म्हणाली. "तो एका घावात सुटन. मंग मले पुन्हा त्याच बाकड्यावर बसा लागन, तुह्यासाठी. आता माह्यानं नाई होत."

माझा हात खाली आला. त्याने काटा काढला, चप्पल घातली आणि मागे न बघता गावाकडे चालू लागला. आम्हालाही त्याच वाटेने जायचं होतं.