सोळापैकी सोळा

अनुपमा माझ्याकडे खोली बघायला आली तेव्हा आधी फटफटीचा आवाज आला. आवाज दणदणीत होता, म्हणून मी ओट्यावरूनच सांगून टाकलं, "खोली फक्त बायकांना द्यायची आहे." गाडीवरच्या माणसाने हेल्मेट काढलं. आत चाळिशी गाठलेली बाई निघाली, वेणी शर्टाच्या कॉलरमध्ये खोचलेली. "मग मला द्या की," ती म्हणाली. दिली. इतक्या सरळ बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

मी निवृत्त शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळेत हजेरी घेता घेता केस पिकले. शिरूरला, म्हणजे आम्ही जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतो तिथे, माझं लहानसं घर आहे आणि मागे ती भाड्याची खोली. मालक वारले, मुलगा पुण्यात. तो रविवारी फोन करतो, मी बरी आहे ना ते विचारतो आणि मी उत्तर द्यायच्या आत ठेवतो. अनुपमा राहायला आली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, बरं झालं, दोघींना सोबत झाली. कसली सोबत? भिंतीच्या अलीकडे मी एकटी जेवायची, पलीकडे ती. फोडणीचा वास तेवढा इकडून तिकडे जायचा.

ती मूळची कासुर्डीची, यवतजवळची. वडील आनंदराव गावचं दूध गोळा करून डेअरीला घालायचे. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना किटल्या बांधलेल्या. अनुपमा शाळेत असताना त्यांचा पाय मोडला. भाऊ लहान होता आणि दूध तर रोज निघणारच. म्हशीला थोडंच सांगता येतं, मालकाचा पाय बरा होईपर्यंत थांब म्हणून? आनंदरावांनी प्लास्टरचा पाय पसरून कालव्याच्या कडेला बसून पोरीला गाडी शिकवली. "किटली हिंदकळली न्हाई पायजे, एवढंच सांगितलं त्यांनी," ती म्हणते. "बाकी समदं माझं मी शिकले." पाय बरा झाला, पण दूध तिच्याकडेच राहिलं. आनंदरावांना पहाटेची झोप गोड लागायला लागली असणार, असं मी म्हणते. वडिलांविषयी ती काही ऐकून घेत नाही.

मग स्थळं सुरू झाली. पाहुणे पोहे खायचे, मुलगी बघायचे आणि निघताना दारातली किटल्यांची गाडी बघून विचारायचे, ही कोण चालवतं? थोडं खोटं बोलायला शिकली असती तर आज घरात दहावीतलं पोर असतं. ती सांगायची, "मीच." एकाने विचारलं, लग्नानंतर सोडशील का गाडी? ही म्हणाली, "आन् दूध कोण घालणार?" पाहुणे हसले, चहा संपवला आणि गेले ते गेलेच. पुढे भावाचं लग्न झालं, दूध भावाने घेतलं, वडील वारले, आणि घरात आपल्या वाट्याचं काही काम उरलं नाही हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं. वहिनी वाईट नव्हती. वाईट असती तर भांडून तरी राहता आलं असतं. शिरूरला एका डेअरीत दुधाची फॅट तपासायची नोकरी मिळाली, तशी ती इकडे आली आणि साठवलेल्या पैशांतून साडेतीनशे सीसीची जुनी गाडी घेतली. किटल्या नसलेली तिची पहिली गाडी. सुरुवातीला म्हणे तोल जायचा, दोन्ही बाजू हलक्या लागायच्या.

शिरूरमध्ये घोडकाठ रायडर्स नावाचा पोरांचा ग्रुप आहे. रविवारी सकाळी एसटी डेपोजवळ जमतात, सोळा जण. खताच्या दुकानाचा विश्वजीत त्यांचा म्होरक्या. बाकी कोणी शिक्रापूरच्या कंपन्यांत, कोणी मार्केट यार्डात. काळी जाकिटं, गुडघ्यांना ढाली. आमच्या उन्हात त्या जाकिटात माणूस शिजत कसा नाही, देव जाणे. अनुपमा एका रविवारी सरळ जाऊन त्यांच्यात उभी राहिली. विश्वजीत म्हणाला, "या ताई, तुमच्यासारख्यांनी यायलाच पाहिजे." हे वाक्य तिने मला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून गुणगुणणं ऐकू आलं. मी रेडिओ बंद करून ऐकत बसले.

मानाला काही कमी नव्हतं. हॉटेलात पहिला चहा ताईंना. महिला दिनाला फेटा बांधून, शाल-नारळ देऊन, तिची गाडी सगळ्यांत पुढे लावून फोटो काढला. फोटो झाला की ताई मागे. शेवटची जागा तिनेच मागून घेतली होती, हेही खरं. तिथे कोणाला जायचं नसतं; सगळ्यांची धूळ खायची आणि रीलमध्ये दिसायचं नाही. पण कोणाची गाडी बंद पडली तर शेवटच्याने त्याच्यापाशी थांबायचं, असा त्यांचा नियम. पंक्चरचं सामान तिच्याच पिशवीत असायचं. "मागनं समदे दिसतात बाई," ती म्हणायची. "बरं वाटतं." तू कोणाला दिसतेस, असं मी विचारलं. तर म्हणाली, प्रत्येकाने आरशात मागची गाडी बघत राहायचं असतं. तिच्या पुढे पप्पूची गाडी. पप्पूने गाडीचे आरसे काढून ठेवले होते. शो जातो म्हणे.

आणि दुसरी रीत नंबरांची. प्रत्येकाला आपला नंबर. थांबा आला की विश्वजीत 'एक' म्हणायचा, पुढचा 'दोन', असं ओळीने पप्पूच्या 'सोळा'पर्यंत. सगळे भरले की मगच चहा. हे ऐकून हजेरी घेतलेल्या बाईला जे विचारायला हवं तेच मी विचारलं, "तुझा नंबर काय गं?"

"मला न्हाई नंबर. विश्वजीतदादा म्हणले, ताईंना नंबरानं हाक मारायची म्हंजी बरं दिसत न्हाई."

"मग तू माग ना."

"मागून घेतल्यावर त्यात काय राहिलं?"

हा तिचा स्वभाव. शेवटची जागा मागून घेतली, कारण ती कामाची होती. नंबर आपलेपणाचा, तो मागवेना. पटावर नाव नसलेलं पोर महिनाभर आलं नाही तरी गुरुजींना पत्ता लागत नाही, असं मी तिला सांगितलं. ती हसली आणि चेनला तेल द्यायला गेली.

ऊसतोडीचे दिवस होते. त्या रविवारी न्हावऱ्यावरून चौफुल्याला नाश्त्याला जायचं ठरलं होतं. पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडल्यावर अनुपमाच्या गाडीची चेन तुटली. पप्पूचा मागचा दिवा वळणाआड गेला. तिने हॉर्न वाजवला, पण रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चाललेले, त्यात तिचा हॉर्न कोणाला ऐकू जाणार? पिशवीत सगळ्यांच्या पंक्चरचं सामान होतं, चेनची कडी नव्हती. तिने गाडी बाभळीखाली ढकलली आणि बांधावर बसली.

फोन खिशात होता. हे मला कळलं तेव्हा मी भडकलेच. "अगं, फोन करायला काय हात मोडले होते?"

"चौफुल्याला थांबले की मोजतील, असं वाटलं," ती म्हणाली. "मोजलं की कळंल. कळलं की येतील. बोलवल्याबिगर येत्यात का, ते बघायचं हुतं मला."

चौफुल्याला त्यांनी मोजलं. एकपासून सोळापर्यंत, कुठेही अडखळलं नाही. मिसळ खाल्ली. कोणीतरी म्हणालं, ताई दिसत नाहीत. पप्पू म्हणाला, त्यांचं माहेर हितं कासुर्डीलाच हाय, गेल्या असतील. लग्न न झालेल्या बाईला कसलं आलंय माहेर? पण माहेर म्हटलं की पुरुषांच्या मनाला शांतता मिळते. बाई माहेरी आहे म्हणजे सुखरूप आहे आणि तिला शोधायला नको. परतताना ही मंडळी चांगल्या रस्त्याच्या लोभाने उरुळीवरून शिक्रापूरला निघाली आणि हायवेने घरी आली. ती बसली होती त्या रस्त्याकडे कोणी फिरकलंच नाही.

ऊन डोक्यावर आलं आणि कललंही. तेव्हा तिच्या फोनवर ग्रुपचा फोटो आला. शिरूरच्या पुलावर सगळे उभे, अंगठे वर केलेले. खाली विश्वजीतने लिहिलं होतं, राइड पूर्ण, सोळापैकी सोळा सुखरूप घरी. त्याखाली एकेकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. तिने तो फोन मला दाखवला तेव्हा मी नीट बघितलं. शेवटचे जोडलेले हात तिचे होते.

"तू कशाला टाकलेस?" मी विचारलं.

"सवयीनं," ती म्हणाली.

रिकामी ट्रॉली घेऊन चाललेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने तिची गाडी ट्रॉलीत चढवून न्हावऱ्याला मेकॅनिकच्या दारात सोडली. दिवेलागणीला ती घरी आली. तोंडभर धूळ आणि धुळीतून दोन ओघळ. मी काही न विचारता तिला माझ्याकडे जेवायला बसवलं, पिठलं-भाकरी. इतक्या दिवसांत एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडल्याचं ते पहिलंच. अर्धी भाकरी झाल्यावर ती म्हणाली, "किटल्या घिऊन जायची तवा उशीर झाला तर डेअरीवाला रस्त्यावर येऊन बघायचा. मला न्हवं, दुधाला. पर बघायचा." मी तिच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी खताच्या दुकानात गेले. विश्वजीत माझ्या हाताखालून गेलेला आहे, त्याचा कान धरायला मला कोणाची परवानगी लागत नाही. गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "काय रे, तुला मोजता येतं का?" पोरगं वाईट नाही. ऐकून त्याचं तोंड उतरलं. संध्याकाळी तो आणि पप्पू घरी आले, शाल आणि नारळ घेऊन. आमच्या तालुक्यात माणसाचा सत्कार करायचा असो की माफी मागायची असो, औषध एकच. "ताई, चुकलं," विश्वजीत म्हणाला. "इथून पुढं एक नंबर तुमचा. मी दोन."

"एक नगं," अनुपमा म्हणाली. "सोळाच्या पुढं जो येतो तो द्या."

तो त्यांनी दिला. तिने बाजारातून आकड्याचं स्टिकर आणून हेल्मेटच्या मागे चिकटवलं, सतरा. पप्पूने स्वतःहून आरसे बसवून घेतले. पुढच्या रविवारी ती निघाली तेव्हा मी दारात उभी राहून बघितलं, आणि दिवसभर माझं कशात लक्ष लागेना, निकालाच्या दिवशी लागत नसे तसं.

ती लवकर आली. हेल्मेट ओट्यावर ठेवून माझ्या शेजारी बसली.

"झाली का मोजणी?"

"झाली की. शिक्रापूरच्या अलीकडं थांबलो. पप्पू सोळा म्हणला. मग समदे वळून माझ्याकडं बघाय लागले. मी म्हणलं, सतरा. तर टाळ्या वाजवल्या त्यांनी, बाई. मनापासून वाजवल्या. पप्पूनं शिट्टी बी मारली."

"मग बरंच झालं की."

"बाकी सोळा जणांना कुठं वाजवल्या?"

बालवाडीतलं पोर स्वतःचं नाव नीट सांगतं तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. मीही अशा पुष्कळ वाजवल्या आहेत. मोठ्या माणसाच्या हजेरीला टाळ्या वाजल्या की त्याला काय वाटतं, हे मला त्या ओट्यावर कळलं, आणि फार वाईट वाटलं.

तिने लगेच सोडलं नाही. वाटलं असेल, होईल सवय त्यांना. पण झालं उलटंच. सोळापर्यंत आकडे आणि सतराला टाळ्या, अशी रीतच पडून गेली. नव्याने आलेल्या पोरालाही शिकवलं, ताईंच्या नंबरला टाळ्या वाजवायच्या. तिच्याने सांगवेना आणि त्यांना कळेना. मी पुन्हा दुकानात जायला निघाले होते, तिने हाताला धरून बसवलं. आता काय सांगणार त्यांना, म्हणाली, मान देऊ नका म्हणून? मग एका रविवारी ती डेपोकडे वळलीच नाही. ग्रुप सोडला नाही, त्यांच्या फोटोंना हात जोडते, पण जात नाही.

आता रविवारी ती एकटीच निघते. कुठे जाते ते मी खोदून विचारत नाही. एकदा बुटाला कालव्याची काळी माती लागलेली दिसली, म्हणजे कासुर्डीपर्यंत जात असावी. गावात मात्र जात नाही. गेली असती तर वहिनीने काहीबाही बांधून दिलं असतं. हेल्मेटवरचा सतरा अजून आहे. काढून टाक म्हटलं, तर राहू द्या म्हणते.

पहिल्यांदा एकटी निघाली त्या सकाळी किक मारायच्या आधी ती म्हणाली होती, "बाई, सांजच्याला मोजून घ्या मला." मी म्हटलं, "एकच तर आहेस, त्यात मोजायचं काय?" पण ऊन कललं की मी ओट्यावर येऊन बसते. मुलाचा फोन आला तरी आत जात नाही. या रस्त्याने काय कमी गाड्या जातात? प्रत्येक आवाजाला मान वर होते. वेळ झाली की नको नको ते मनात येतं. मग तिची गाडी कोपऱ्यावर वळते आणि जीव भांड्यात पडतो.

ती गाडी लावते, हेल्मेट काढते आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणते, "सतरा." मी "बरं" म्हणते आणि भाकरी थापायला आत जाते. टाळ्या मी वाजवत नाही.