माहीत नाई!

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले, तरी स्वतःचं अज्ञान एवढ्या खणखणीत आवाजात आणि एवढ्या आनंदानं जाहीर करणारी आमच्या मॅडमसारखी दुसरी बाई सापडायची नाही. आमच्या कॉलेजात त्या फिजिक्स शिकवायच्या आणि रविवारी आम्हा पोरापोरींना घेऊन खेड्यापाड्यांत विज्ञानाचे प्रयोग दाखवत हिंडायच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, गावं बाई म्हणायची, आणि त्या येताना दिसल्या की माझी आई आधी पिठाची चाळणी लपवायची. कारण मॅडमच्या प्रयोगशाळेत विकत आणलेलं असं फारसं काही नसायचं. जे लागेल ते जिथे दिसेल तिथून हक्कानं उचलायचं. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या गाडीचे फुगे उतरवले आणि नवरीच्या बापानं डोळे वटारताच दोन फुगे काठीच्या दोन टोकांना बांधून, त्यातला एक फोडून, "हवेले बी वजन असते, भाऊ," हे त्याला मांडवातच पटवून दिलं. अक्षता थोड्या उशिरा पडल्या, एवढंच.

हा सगळा संसार एका पत्र्याच्या पेटीत असे. कंडक्टरनं एकदा विचारलं, "बाई, पेटीत काय हाय?"

"उजेड, आवाज आन् हवा."

"मंग लगेजचं टिकीट कायचं फाडू?" असं म्हणून तो बिचारा पुढे गेला.

मॅडमचा नियम एकच. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर थापा मारायच्या नाहीत. 'माहीत नाई' म्हणायचं, आणि तेही तोंडातल्या तोंडात नाही. गोंडपिपरी मागे पडली की बसमध्ये त्याचा सराव सुरू. मॅडम उभ्या राहून काहीतरी अवघड विचारायच्या आणि आम्ही सगळे एका दमात ओरडायचो, "माहीत नाई!" एकदा पुढच्या सीटवरची आजी झोपेतून दचकून म्हणाली, "काय हरवलं रे पोट्टेहो?"

मुलचेऱ्याच्या अलीकडच्या एका गावात आमची खरी फजिती झाली. शाळेची खोली अंधारी करून, सिरिंजच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत ठेवून, त्यावर लेझरचा झोत मारला की थेंबातले जीव भिंतीवर हातभर मोठे दिसतात. गावच्या पंपाचं पाणी लावलं, तर भिंत कोरी. मग मॅडमनी आपल्या बाटलीतलं चंद्रपूरचं पाणी लावलं आणि भिंतीवर नुसती वळवळ! खोली हसून हसून लोटपोट. लाल दुपट्टा घेतलेले एक म्हातारे भाऊ शांतपणे म्हणाले, "बाई, बाटली धुवून पाह्य ना एक डाव." बाटली रिकामी करून न धुताच पंपाचं पाणी भरलं, तर भिंतीवर वळवळ; मग धुवून भरलं, थेंब लावला, भिंत कोरी. मॅडमनी आनंदानं उडीच मारली. "अरे, भाऊनं प्रयोग केला!"

"मंग आमचं पानी एकदम चांगलं ना?" भाऊंनी विचारलं. गावातल्या सगळ्यांची नजर मॅडमकडे लागली. आम्ही माना डोलावणार, तोच मॅडम गरजल्या, "माहीत नाई! असं दिसत नाई ते बी पान्यात असू शकते. तपासून आनतो. मी सोता येऊन सांगीन."

पाण्याचा नमुना तपासायला गेला आणि त्याच आठवड्यात मॅडमच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी बस बंद केली, जिना बंद केला, मोठ्यानं बोलणंही बंद केलं. त्यातलं शेवटचं त्यांना सगळ्यात जास्त लागलं. पलंगावरूनच त्यांनी आमची पेटी भरून घेतली. "भाऊले शब्द देल्ला हाय, जाच लागते," त्या पुटपुटल्या. "आन् चाळणी माझी ने. तुझ्या मायले तरास नको देऊ." मी त्यांची चाळणी पेटीत ठेवली.

आम्ही गेलो. पाणी चांगलं निघालं होतं. ते ऐकून पोरांनी टाळ्या पिटल्या, बायांनी चहा ठेवला. लाल दुपट्टेवाल्या भाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि दाराकडे बघत विचारलं, "बेस झालं. पर बाई सोता येतो म्हनल्या होत्या. कवा येतील?"

उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं, बसभर ओरडून घोटलेलं.  मी म्हणालो, "माहीत नाई, भाऊ." ते इतकं हळू आलं, की भाऊंना पुन्हा विचारावं लागलं.