पट्ट्यावरची सूनबाई आणि आमचे मामासासरे

यंत्राशी सोयरीक जोडणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच निपजला, आणि देवाच्या दयेने तो नेमका माझ्या सासरी निपजला. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा, म्हणजे नात्याने माझे मामासासरे. घर पिंपळगाव राजाला, पण दिवसभराचा मुक्काम खामगावबाहेरच्या आमच्या पार्सलच्या गोदामात. तिथे मी शिफ्टचा सुपरवायझर आणि ते माझ्या हाताखाली. ‘हाताखाली’ हे आपलं म्हणायला. कारण वाकून नमस्कार केल्याशिवाय मला त्यांना काम सांगता येत नसे, आणि मला खुर्ची दिल्याशिवाय ते काम ऐकून घेत नसत. एवढा मानपान उरकेपर्यंत ट्रक निघून गेलेला असे. एकदा मी वैतागून सगळ्यांसमोर म्हणालो, “मामाजी, इथे मी तुमचा साहेब आहे.” त्यांनी शांतपणे टोपी सरळ केली. “हाव, साहेब तं हायेच तुमी. पन अदुगर जावई. साहेब बदलते हो, जावई कुठी बदलता येते?” यातला खेदाचा सूर मला तरी स्पष्ट ऐकू आला.

पूर्वी गोदामात सगळं हातानेच चाले. पार्सल उचला, पत्ता वाचा, टेपने मापा, वजन करा आणि ज्या त्या गावच्या ढिगात टाका. त्या काळात मामाजींनी मापाच्या बाबतीत जे नाव कमावलं ते अजून निघतं. टेपला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. “मंग वीत कायले देल्ली देवानं?” असं विचारून ते वितीने मापत आणि दरवेळी चुकत. थोडंथोडकं नाही, अगदी सढळ हाताने चुकत. आमच्या लग्नात त्यांनी भाचीला लोखंडी कपाट दिलं. त्यासाठी आमच्या दाराचं माप त्यांनी स्वतः येऊन, वितीने, दोन्ही बाजूंनी घेतलं होतं. ते कपाट दारात असं काही अडकलं की माझी आई आत आणि मी नवरदेव मुंडावळ्यांसकट बाहेर. शेवटी सुतार बोलावून चौकट उखडावी लागली. मामाजी उखडलेल्या चौकटीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, “कपाट बराबर हाय. दारच ल्हानं ठेवलं तुमच्या लोकायनं.” आमच्या घराला त्या बाजूने अजून पोपडे आहेत.

तर अशा गोदामात एक दिवस यंत्र आलं. सरकत्या पट्ट्यावर उभी केलेली एक लोखंडी कमान, आणि कमानीत चहूबाजूंनी कॅमेरे. पार्सल खालून सरकलं की पापणी लवायच्या आत कमान त्याचा बारकोड वाचते, लांबी-रुंदी-उंची मापते, वजन घेते, आणि पुढे पट्टाच त्याला पुण्याच्या, नागपूरच्या नाहीतर अकोल्याच्या घसरगुंडीवर ढकलून देतो. ज्याचा बारकोड तिला वाचता येत नाही ते पार्सल बाजूच्या एका टेबलावर येऊन पडतं. ते रिजेक्टचं टेबल. त्यावर पडलेल्या पार्सलाचा नंबर कॉम्प्युटरवर टाकायचा, नवं लेबल काढायचं, चिकटवायचं आणि त्याला परत पट्ट्यावर सोडायचं, एवढंच तिथलं काम. तिथे मी मामाजींना बसवलं. मला वाटलं, हा वितीवाला माणूस या कमानीशी भांडून उभा दावा मांडणार. झालं भलतंच.

कमान क्रेनवरून आत येत होती तेव्हा शटरच्या उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवलेलं. क्रेनवाल्या पोराला मामाजी सांगत होते, “हळू लवंडू दे बे, पयलं पाऊल हाय तिचं.” क्रेनच्या चाकाने माप लवंडलं नाही, चपटं केलं. मामाजींनी तेही शुभच मानलं. त्या दिवसापासून कमान ही घरची सूनबाई झाली. सकाळी आल्या आल्या तिची चौकशी, दुपारी डबा उघडताना तिच्याकडे पाठ करायची नाही, आणि तिच्यासमोर शिवी द्यायची नाही. या शेवटच्या कलमाने लोडिंगवाल्या रफीकभाईंचे फार हाल झाले. ट्रकवाल्याला शिवी द्यायची तर त्यांना शटरबाहेर जाऊन, देऊन, परत यावं लागे. शेवटी ते म्हणाले, “चाचा, मशीन है वो!” मामाजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. “मशीन तं तुही मोटरसायकल बी हाय. तिले काऊन रानी म्हनतं मंग?” रफीकभाई उरलेली अर्धी शिवी द्यायला बाहेर गेले.

सूनबाईचं माप आणि मामाजींची वीत यांत रोज फरक पडे, पण मामाजी तक्रार करत नसत. “तिचंच खरं. शिकेल हाय ते,” असं कौतुकाने सांगत. शिक्षणाची उणीव ते नाकाने भरून काढत. पार्सल नाकाशी नेऊन आत काय आहे ते सांगायचं, हा त्यांचा दुसरा शौक, आणि त्यातही त्यांनी वितीची परंपरा सोडली नाही. एक डबा त्यांनी ‘गुलाबजामून’ म्हणून जाहीर केला, पाक सांडू नये म्हणून दुपारभर मांडीवर सरळ धरून बसले, आणि संध्याकाळी उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या धोतरावर ट्रॅक्टरच्या ग्रीसचा एवढा मोठा नकाशा उमटला होता. मामींनी ते धोतर चुलीत घातलं म्हणतात.

आता टेबलाच्या खऱ्या कामाकडे वळतो. आमच्याकडची रीत अशी की जानेफळ किंवा बीबी गावची एखादी आई पुण्याला शिकणाऱ्या लेकाला सरगुंडे, कुरडया, मुगवड्या पाठवते, तेव्हा खोक्याला हळदकुंकू लावल्याशिवाय ते हातावेगळं करत नाही. लेकाच्या घरी निघालेलं खोकं, ते कोऱ्या कपाळाने कसं पाठवायचं? गावच्या बुकिंगच्या दुकानात लेबल चिकटवून झालं की बाई पिशवीतून पुडी काढते, बोट ओलं करते आणि खोक्यावरची सगळ्यात स्वच्छ, पांढरीशुभ्र जागा शोधते. ती जागा म्हणजे लेबल. बारकोडच्या रेघा लाल चिखलात बुडतात, कमानीला काही दिसत नाही, आणि खोकं मामाजींच्या पुढ्यात येऊन पडतं. खरं तर ओल्या फडक्याने लेबल पुसलं की भागण्यासारखं होतं. पण ते मी सुचवलं मात्र, मामाजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. “त्या माउलीनं लेकाच्या नावानं लावलं, अन् मी पुसू? कुंकू पुसाची गोठ करता, जावईबापू? माह्या बी घरात लक्ष्मी हाय!” मग ते नवं लेबल काढत, कुंकवापासून लांब चिकटवत, तळव्याने दाबत आणि खोक्याला सांगत, “जाय आता, नीट जाय.” उन्हाळ्यात, पापडकुरडयांच्या दिवसांत, त्या खोक्यांच्या ढिगामागून त्यांची नुसती टोपी दिसे.

हे असंच सुखाने चाललं असतं, पण दसरा आला. दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतोच. मामाजींनी सूनबाईला हार घातला, नारळ फोडला, इथपर्यंत ठीक होतं. पण एवढी गुणाची सून, येणारा-जाणारा टक लावून बघतो, तिला दृष्ट लागली म्हणजे? म्हणून त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू-मिरची कमानीच्या बरोबर मधोमध टांगलं. आता कमानीखालून जे जाईल त्याची उंची मापायची एवढंच सूनबाईला ठाऊक. ती बिचारी प्रत्येक पार्सल लिंबापर्यंत मापू लागली. औषधाची पाकिटं, राख्यांएवढे लिफाफे, मोबाइलची कव्हरं, सगळी कपाटाच्या उंचीची झाली. कॉम्प्युटर म्हणे ट्रक भरला. आत बघावं तर तळाशी चार लिफाफे घरंगळताहेत. त्याने दुसरा ट्रक मागवला, मग तिसरा. दुपारपर्यंत आमच्या फाटकापासून नांदुऱ्याच्या रस्त्यावर ट्रकची रांग लागली, आणि रफीकभाई शटरच्या बाहेरच मुक्कामाला गेले. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून फोन आला, “खामगावातून आज हत्ती पाठवताय का?” सगळ्या वायरी तपासून झाल्यावर मला ते लिंबू दिसलं. मी ते तोडायला हात वर केला तर मामाजी आडवे आले. “काढू नोका! दृष्ट लागीन तिले!” त्यांच्या काखेखालून हात घालून मी लिंबू काढलं तेव्हा कुठे लिफाफे पुन्हा लिफाफे झाले.

पुण्याला लिंबाची गोष्ट सांगायला माझी जीभ रेटेना. “मशीनमध्ये जरा बिघाड होता,” एवढंच मी बोललो, आणि तेच अंगाशी आलं. त्यांनी आकडे बघितले, रोजची रिजेक्ट पार्सलं बघितली, आणि ठरवलं की मशीनच सदोष आहे. एक मॅडम येऊन दिवसभर उभ्या राहून बघणार होत्या. मशीन नापास झालं तर उचलून परत नेणार. पास झालं, म्हणजे टेबलावर काही पडलंच नाही, तर टेबलाची गरज नाही, आणि टेबलावरच्या माणसाचीही. मामाजींचं वय बघता त्यांना दुसरीकडे कुठे लावण्याचा प्रश्नच नव्हता.

मी हे घरी सांगितलं आणि पस्तावलो. बायको म्हणाली, “माह्या मामाले काढून घरी आले तं बाहेरूनच परत जाजा.” म्हणून मॅडम यायच्या आदल्या दिवशी मी मामाजींना गाठून हळूच म्हणालो, “उद्या तुम्ही सुट्टी घ्या. टेबलावर ढीग लागू द्या. मशीन गेलं तर गेलं, पुन्हा हातानं काम सुरू होईल आणि तुम्ही राहाल.” त्यांनी आधी टेबलावरची कोरी लेबलं एकसारखी रचली. मग म्हणाले, “सूनबाई पाव्हण्यासमोर नापास होईन, अन् मी घरी बसून पाहू? काऊन? तिनं कोनाचं काय केलं?” मी म्हणालो, “अहो, पण ती राहिली तर तुम्ही जाणार.” “समजलं मले,” ते म्हणाले. “येडा नाई मी.”

दुसऱ्या दिवशी ते टेबलावर बसलेच नाहीत. पट्ट्याच्या तोंडाशी, जिथे पार्सलं चढवतात, तिथे जाऊन उभे राहिले. एका हातात ओलं फडकं आणि दुसऱ्या हातात मामींचा कुंकवाचा करंडा. कुंकवाचं खोकं आलं की डोळे मिटून, पुटपुटत लेबल पुसायचं, लगेच खोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर बोटाने कुंकू लावायचं, नमस्कार करायचा आणि खोकं सोडायचं. पट्टा काही त्यांच्यासाठी थांबत नव्हता. दुपारपर्यंत त्यांच्या धोतरावर, टोपीवर, नाकाच्या शेंड्यावर कुंकू होतं, आणि गडबडीत त्यांनी रफीकभाईंच्या कपाळालाही एकदा बोट टेकवलं. रफीकभाई म्हणाले, “मैं पार्सल नहीं हूँ, चाचा.” पण टेबलावर एकही खोकं पडलं नाही. सूनबाई एकापाठोपाठ एक वाचत होती आणि मामाजी लांबूनच तिला म्हणत होते, “शाब्बास. आजूक एक. शाब्बास.”

मॅडम वयाने लहान होत्या, पण त्यांची नजर चौकस होती. त्यांनी हा सगळा प्रकार पाहिला आणि जवळ येऊन विचारलं, “काका, हे काय करताय तुम्ही?” मामाजींनी सगळं सांगितलं. कुंकू सांगितलं, जानेफळच्या आया सांगितल्या, वर न विचारता लिंबूही सांगून टाकलं. “तिची काई चूक नाई ताई. तिले नेऊ नोका.” मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मशीन कुठेही जात नाही. दुकानदारांना सांगू, बाईंनी आधी कुंकू लावावं आणि मग त्यांनी लेबल दुसऱ्या बाजूला चिकटवावं. साधी गोष्ट आहे.” खरंच साधी होती. इतक्या दिवसांत ती आमच्यापैकी कुणालाही सुचली नव्हती. मग त्यांचं लक्ष रिकाम्या टेबलाकडे गेलं. “आणि हे टेबल कुणाचं?”

मी तोंड उघडलं, पण मामाजींनी मला बोलू दिलं नाही. “कोनाचंच नाई ताई,” ते म्हणाले. “उगाच पडेल हाय. रस्त्यात येते.” आणि लाल झालेले हात धोतराला पुसून त्यांनी टेबलाची एक बाजू धरली. “धरा जावईबापू तिकून.”

ते आम्ही मागच्या शेडकडे घेऊन निघालो. मला फार वाईट वाटत होतं आणि मामाजी मात्र पुढून, वाट नीट आहे की नाही ते मला सांगत होते. अर्ध्या वाटेत मी टेबल खाली टेकवलं. “दमले का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. दमलो नव्हतो. टेबल शेडमध्ये ठेवलं की मामाजी कायमचे घरी जाणार होते.