धन्यवाद, तुमचा निरोप पोहोचला

आमच्या ऑफिसात त्याला सगळे हरहुन्नरी म्हणत. हे नाव मी पाडलं होतं आणि कौतुकाने तर मुळीच नाही. पण त्याला ते कौतुक वाटलं आणि आठवड्याभरात तो स्वतःच फोनवर 'मी हरहुन्नरी बोलतोय' असं सांगायला लागला. अशा माणसाला टोमणा तरी कसा मारायचा?

तो रुजू झाला त्या दिवशी बैठकीत प्रत्येकाने आपली थोडक्यात ओळख करून द्यायची होती. मी सांगितलं, वेबसाइट बनवते, इथे सहा वर्षं झाली. हरहुन्नरी उभा राहिला तो अठरा मिनिटांनी खाली बसला. दहाव्या वर्षी खोलून परत जोडलेला कॉम्प्युटर, ज्ञानासाठी अर्ध्यावर सोडलेलं कॉलेज (नापास झाला होता, हे नंतर कळलं), प्रोग्रामिंगच्या येत असलेल्या सात भाषा. त्यातल्या पाचांची त्याला फक्त नावं येत होती. शेवटी म्हणाला, "मी पानं बनवत नाही, अनुभव घडवतो." आमचे मालक मान डोलावत होते. उथळ पाण्याचा खळखळाट काही जणांना समुद्राची गाज वाटते, त्यातले ते.

त्याला पहिलं काम मिळालं फिजिओथेरपीच्या एका दवाखान्याचं. दवाखाना एका बाईंचा, एकटीने चालवलेला. दोन खोल्या, तीन खाटा, भिंतीला लावलेल्या व्यायामाच्या शिड्या. त्यांना साधी वेबसाइट हवी होती. माणसाने नाव, फोन आणि काय दुखतंय ते लिहायचं, बटण दाबायचं, निरोप बाईंकडे जायचा. दोन दिवसांचं काम. हरहुन्नरीने सात आठवडे लावले. त्यातले पाच आठवडे पहिल्या पानावर धावणाऱ्या माणसाची आकृती सरकवण्यात गेले. गुडघे धरून बसलेल्या माणसाला धावणारा माणूस दाखवायचा, ही त्याची कल्पना. मी एकदा सुचवलं की फॉर्म नीट तपासून घे. त्यावर त्याने मला समजावलं की फॉर्म ही अगदी प्राथमिक गोष्ट असते.

वेबसाइट सुरू झाली, टाळ्या वाजल्या. त्यानंतर सात महिने बाईंना त्या फॉर्ममधून एकही निरोप आला नाही. त्यांना वाटलं, कोणी लिहीतच नाही. जुने पेशंट बरे होऊन गेले, नवे येईनात. त्यांनी संध्याकाळची वेळ बंद केली, मग एक खोली सोडून दिली. तक्रार केली नाही. आपल्याच हातात काही कमी असेल, असं त्या समजून चालल्या होत्या.

हे उघडकीला आणलं हरहुन्नरीच्या आत्याने. तिचे गुडघे धरले होते. भाच्याने बनवलेली वेबसाइट म्हणून तिने मोठ्या अभिमानाने तिथेच फॉर्म भरला. एकदा नाही, चार वेळा. प्रत्येक वेळी पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'धन्यवाद, तुमचा निरोप पोहोचला.' फोन काही आला नाही. शेवटी ती काठी टेकत दोन जिने चढून थेट आमच्या ऑफिसात आली आणि त्याच्या टेबलासमोर उभी राहिली.

"पोहोचला म्हणतोस, तो कुठे पोहोचला रे?"

हरहुन्नरी म्हणाला, सर्व्हरचा प्रश्न असेल. मग म्हणाला, बाईंचंच काहीतरी चुकत असेल. मग आत्याचा फोन जुना असल्याचं निघालं. मी तिला माझी खुर्ची दिली आणि त्याचं काम उघडून बघितलं. निरोप पाठवण्याच्या जागी त्याने चाचणीपुरता एक खोटा पत्ता टाकला होता आणि तो बदललाच नव्हता. एक ओळ. मी ती बदलली. चार मिनिटं लागली, त्यातलं एक आत्यासाठी पाणी आणण्यात गेलं.

निरोप मात्र नष्ट झाले नव्हते, वेबसाइटच्या सर्व्हरवर प्रत्येकाची प्रत साठलेली होती. दोनशे तेरा. मी ते बाईंना पाठवायच्या आधी वाचले. खांदा वर जात नाही म्हणून मुलीची वेणी घालता येत नाही, असं एका आईने लिहिलं होतं. एका ड्रायव्हरने लिहिलं होतं की पाठीमुळे आता फक्त जवळच्या फेऱ्या घेतो. एकाने तीनदा लिहून चौथ्यांदा लिहिलं होतं, 'नको असेल तर तसं तरी कळवा.' हरहुन्नरीला मी म्हटलं, हे वाच. त्याने दोन वाचले आणि विचारलं, "सगळ्यांचे फोन नंबर बरोबर आहेत ना? म्हणजे डेटा चांगला आहे."

बाईंनी पुढचे दहा दिवस एकेकाला फोन केले. निम्मे दुसरीकडे गेले होते, काहींनी फोन ठेवून दिला, साठेक जण आले. त्यांची संध्याकाळची वेळ परत सुरू झाली. खोली गेली ती गेलीच.

सोमवारच्या बैठकीत मालकांनी विचारलं, दवाखान्याचा बिघाड कोणी शोधला? हरहुन्नरी उठला आणि नऊ मिनिटं बोलला. 'आम्ही' म्हणून सुरुवात केली, तिसऱ्या मिनिटाला 'मी'वर आला. टाळ्या पडल्या. अशा माणसाशी श्रेयासाठी भांडणं म्हणजे आपणही त्याच्याच ओळीत जाऊन उभं राहणं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला धीर झाला नाही. त्याचा तिरस्कार करताना थोडा माझ्याही वाट्याला ठेवावा लागतो.

महिन्याभरात त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर, 'माझं काम' या पानावर एक नवी ओळ आली: 'एका आरोग्यसेवेची बंद पडलेली यंत्रणा वाचवली, चौकशा शून्यावरून दोनशे तेरावर नेल्या.' कोणी बंद पाडली आणि कोणी वाचवली एवढं सोडलं, तर यातला शब्द न् शब्द खरा होता. असं खरं बोलायलाही नालायकपणाचं वेगळंच शिक्षण लागतं.

त्या ओळीवर त्याला मोठ्या कंपनीत बोलावणं आलं. तिथल्या एका बाईंचा मला फोन आला, सोबत काम केलंय तर मत सांगा म्हणून. आत्या, ती आई, तो ड्रायव्हर, सगळे माझ्या तोंडाशी आले होते. पण दुसऱ्याची भाकरी हिसकावायला जीभ वळेना. मी मोजून दोनच वाक्यं बोलले.

"काम मी पाहिलंय. बोलतो फार छान."

मला वाटलं, शहाण्याला शब्दाचा मार. पलीकडच्या बाईंचा आवाज खुलला. म्हणाल्या, फारच बरं झालं, काम करणारे खूप आहेत आमच्याकडे, त्यांच्यावर नेमायला माणूस हवा होता.